लिनक्स टाकायचंय, पण कुठलं? जुहूपासून सुरू होणारी एक गोष्ट

लोकलमध्ये असाल तर दारातून जरा आत सरका, हेडफोन लावा, आणि सुरू करूया.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतोय: "लॅपटॉप चांगला चालतोय, पण विंडोज ११ घेत नाही. भंगारात देण्यापेक्षा लिनक्स टाकू म्हणतोय. पण कुठलं?" प्रश्न रास्त आहे. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आणि प्रत्येकात परत वेगवेगळ्या आवृत्त्या. भाजीवाल्याकडे "बटाटे द्या" म्हटलं आणि त्याने चाळीस टोपल्या समोर ठेवल्या, असं होतं.

मी थेट नाव सांगू शकतो, पण तुमचा लॅपटॉप माझा नाही. त्यापेक्षा ही निवड आजवर लोकांनी कशी केली, ते बघू. उत्तर त्या इतिहासातच आहे. आणि त्याचा एक तुकडा आमच्या अंधेरीच्या अगदी शेजारी घडलाय.

सुरुवातीपासून घेऊ. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने जे दिलं ते फक्त कर्नल होतं. म्हणजे रिक्षाचं इंजिन. सीट, हँडल, मीटर दुसऱ्यांनी बसवायचं. असं सगळं जोडून तयार गाडी देणाऱ्या पॅकेजला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आपण डिस्ट्रो म्हणू. १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंगचं स्लॅकवेअर आलं, त्याच वर्षी इयान मरडॉकने डेबियन सुरू केलं. दोन्ही आजही चालू आहेत.

आपल्याकडे तेव्हा निवड वगैरे नव्हतीच. मासिकासोबत जी सीडी मिळेल किंवा मित्राकडे जी असेल, ती आपली डिस्ट्रो. गणित करा ना: ६५० एमबीची एक सीडी, डायलअपचा वेग ५६ केबीपीएस. एक सेकंदही लाइन न तुटता सव्वीस तास! आणि लाइन तुटायचीच.

आता जुहू. गुलमोहर क्रॉस रोड नंबर ९ वर आज सी-डॅक मुंबई आहे. तिथे आधी एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी होती. १९८५ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली, डॉ. एस. रमाणी तिचे प्रमुख होते. सामान्य लोकांना व्हीएसएनएलचं इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याच्या कितीतरी आधी अर्नेटमधून इथले संशोधक बाहेरच्या जगाशी ईमेलवर बोलत होते. २००३ मध्ये ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

याच जुहूच्या संस्थेने 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प केला: लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट दिसाव्यात म्हणून. मुंबईतच प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी 'इंडलिनक्स' सुरू केलं, लिनक्सचे मेनू आणि सूचना भारतीय भाषांत आणायला. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फाँट खुले केले. ते बनवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. लोहित म्हणजे लाल, कंपनीचं नावच त्यात आलं.

तुम्ही म्हणाल, फाँटचं एवढं काय? दोन शब्द घ्या: 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला'. पहिला स्वयंपाक करतो, दुसरा शिकवतो. र नीट जोडता आला नाही, तर गुरुजींना भाजी चिरायला पाठवाल. हिंदीला हा अर्धा र फारसा लागत नाही, मराठीला रोज लागतो. किंवा 'ॲप' मधला 'ॲ' घ्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या फाँटवर तिथे रिकामा चौकोन दिसणार. म्हणजे मराठी माणसासाठी जुनी आवृत्ती की नवी, हा हौसेचा प्रश्न नव्हताच. आपली भाषा वाचता येईल की नाही, हा प्रश्न होता.

मग आला वेळेचा प्रश्न. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली, ४.१०. आकडा म्हणजे वर्ष आणि महिना, बस. दर सहा महिन्यांनी नवी, आणि वेबसाइटवर मागितली की सीडी घरपोच, फुकट. ती सीडीची योजना २०११ पर्यंत चालली. पण दर सहा महिन्यांनी घर कोण बदलणार? म्हणून २००६ मध्ये ६.०६ ला पहिल्यांदा 'एलटीएस' म्हटलं, म्हणजे लांब मुदतीचा सपोर्ट. आज उबुंटूच्या साध्या आवृत्तीला ९ महिने पॅच मिळतात, एलटीएसला ५ वर्षं. तीच ऑपरेटिंग सिस्टीम, पण किती फरक!

मात्र मुदत ही शेवटी कुणीतरी दिलेली कबुली असते. सेंटओएस ८ हे २०२९ पर्यंत चालणार असं सगळे धरून होते. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते २०२१ च्या अखेरीला बंद. जगभरचे सर्व्हर हलवावे लागले. त्यातून रॉकी आणि आल्मा उभे राहिले. कोड खुला होता म्हणूनच ते शक्य झालं, हेही खरं.

तिसरा धडा शेजाऱ्यांचा. २००७ मध्ये सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारित 'बॉस' आणलं, त्यात मराठीसुद्धा होती. सरकारी कचेऱ्यांत ते थोडंफार गेलं, घराघरात नाही. केरळने मात्र शाळांत खुलं सॉफ्टवेअर नेलं, आणि सोबत शिक्षकांना शिकवलं. फरक डिस्ट्रोत नव्हता. अडल्यावर विचारायला बाजूला माणूस होता, हा फरक होता.

तर आता तुमचा लॅपटॉप. तीन प्रश्न विचारा.

एक, पॅच कधीपर्यंत? उबुंटू २४.०४ एलटीएस आणि त्यावर बेतलेलं मिंट २२, दोन्ही २०२९ पर्यंत. मशीन फारच जुनं, ३२ बिटचं असेल तर आधी तपासा. डेबियन १३ ने त्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलंय.

दोन, मराठी नीट दिसते का? पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, डिस्कला हात न लावता. 'आचाऱ्याला, आचार्याला, ॲप' टाइप करा. वायफाय, आवाज, प्रिंटरही बघा.

तीन, अडलं तर विचाराल कुणाला? मित्र फेडोरा वापरत असेल आणि रविवारी घरी येणार असेल, तर तुमच्यासाठी फेडोरा चांगलं. कुणीच नसेल तर पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठीतूनसुद्धा.

आणि इन्स्टॉल दाबायच्या आधी फोटो, प्रोजेक्ट, सगळ्याचा बॅकअप. 'नंतर करू' नाही, आधी.

कुठलं टाकलंत आणि काय अडलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि अपडेट टाळू नका!