बंदुकीची पावती
कायदा झाला की आम्ही कामगार प्रथम विचारतो, अंमल कोण करणार? अमेरिकेत, बायकोला त्रास देऊ नये असा न्यायालयाचा हुकूम ज्याच्यावर आहे त्याला १९९४ साली, आणि तिला मारल्याबद्दल किरकोळ का होईना शिक्षा झालेल्याला १९९६ साली, संघराज्याने बंदूकबंदी केली. पहिली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरली. पण घरातली बंदूक काढून घ्यायची कोणी? ते बहुतांशी राज्यांवर राहिले. कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो, हुकूम बजावल्यापासून २४ तासांत शस्त्र सोपवा, ४८ तासांत पावती दाखल करा. पावतीला हसू नका. पगाराच्या चिठ्ठीसाठी आम्ही संप केले आहेत. सर्वच राज्ये ती मागत नाहीत. तेथे हुकूम बाईच्या पदरात पडतो आणि बंदूक नवऱ्याच्या कपाटात राहू शकते.