गंगापूरच्या पाण्याकाठी तुम्ही दोघं

डिसेंबर 1997. लग्न होऊन महिनाही झालेला नाही आणि तुम्ही दोघं संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसला आहात. व्हीटीचं नाव गेल्या वर्षीच बदललं, पण डब्यात सगळे व्हीटीच म्हणताहेत. कसाऱ्याला गाडी थांबते, मागे बँकर इंजिनं जोडली जातात आणि त्यांच्या रेट्यावर ती थळ घाट चढू लागते. एकामागून एक बोगदे. इगतपुरी यायच्या आधीच वारा बोचायला लागतो. "अहो, खिडकी लावा ना."

त्र्यंबकेश्वराचं दर्शन घेऊन या, असं घरातून सांगून धाडलंय. नव्या जोडप्यानं नाशिकला जायचं ते देवासाठीच.

दुसऱ्या दिवशी दर्शन आटोपून तुम्ही गंगापूर धरणाकडे येता. 1965 साली पुरं झालेलं हे मातीचं धरण. पलीकडे डोंगर, अलीकडे वाळलेलं गवत, मधे गोदावरीचं अडवलेलं निळं पाणी. फिरायला आलेलं माणूस नाही. चहाची टपरीसुद्धा नाही. एका उतारावर मात्र तारा ओढलेल्या दिसतात आणि तारांखाली कोवळ्या वेली. काडी बांधत असलेल्या मजुराला तुम्ही विचारता, "थॉम्सन का?" नाशिकची द्राक्षं म्हणजे थॉम्सन, सोनाका, एवढंच तुम्हाला ठाऊक. तो मान हलवतो. "खायची नाहीत साहेब. वाइनची आहेत."

महाराष्ट्राला वाइन तशी नवी नाही. ऐंशीच्या दशकात नारायणगावला फेसाळती वाइन तयार होऊ लागली होती. पण गंगापूरच्या या काठाला ती नवी आहे. कॅलिफोर्नियातली ओरॅकलची नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीत यंदा शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ या जाती लावल्यात. आई सुलभा, म्हणून वाइनचं नाव सुला. तुमचा संसार आणि ही बाग एकाच हंगामातली.

आता फेब्रुवारी 2000 मध्ये या. पहाट फुटायची आहे. ओळीओळीतून बाया कात्रीनं घड उतरवताहेत, क्रेट भरताहेत. एक मणी तोंडात टाका. थॉम्सनपेक्षा लहान, बी असलेला, रस गोड आणि लगेच मागून आंबट. एवढ्या पहाटे का? ऊन चढलं की मणी तापतो, रस भलत्या वेळी आंबायला लागतो आणि ज्या वासासाठी हा खटाटोप तोच उडून जातो. म्हणून गार माल तसाच पोहोचवायचा, पांढऱ्या वाइनसाठी दाबून साली वेगळ्या करायच्या आणि रस स्टीलच्या टाक्यांमध्ये थंडाव्यात आंबू द्यायचा.

याच घटकेला फ्रान्समधल्या वेली पानं गाळून झोपलेल्या असतात. त्यांची तोडणी सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे वेलीला झोपवील एवढी थंडी पडत नाही, आणि पावसाळ्यात घड धरले तर केवडा नि कूज सगळं खाऊन टाकतील. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. पाऊस सरता सरता गोडी छाटणी, घड यावेत म्हणून. मग थंडीच्या कोरड्या रात्री आणि उबदार दिवस मण्यात साखर भरतात. वेलीचं वर्षच फिरवून टाकणाऱ्या या कसबाचं मला फार अप्रूप आहे. टेस्टिंग रूममध्ये ग्लास कसा फिरवायचा ते शिकवतात. ही कात्री कशी चालते तेही दाखवायला हवं.

2000 सालीच पहिल्या बाटल्या बाजारात येतात. पुढच्या वर्षी राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर होतं आणि आजूबाजूचे शेतकरीही वाइनच्या जाती लावू लागतात.

2005. मुलाला आजीकडे ठेवून तुम्ही परत आला आहात. त्याच उतारावर आता टेस्टिंग रूम उघडलीय. बायको ग्लास नाकाशी नेते, थांबते, म्हणते, "पेरूसारखा वास येतोय." बरोबर ओळखलंय तिनं, सोव्हिन्यॉ ब्लाँमध्ये तो येतो. फोटो काढताना मात्र ग्लास टेबलाखाली जातो. "घरी बघतील ना कुणीतरी."

मधली वर्षं भराभर जाऊ द्या. 2010 मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळतं, रिसॉर्ट उभे राहतात, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. गर्दी टाळायची तर फेब्रुवारीतला आडवार गाठा आणि पहाटेच्या तोडणीला उभे राहा. फ्रान्सच्या बोर्दोला गेलेल्या जोडप्याला तिथली पहिली वेल पाहायला रोमन काळापर्यंत मागे जावं लागेल. तुम्हाला तुमच्या लग्नाच्या अल्बमएवढंच मागे जायचंय.

आणि आज. समोर तेच पाणी, हातात शेनिन ब्लाँ. आता फोटो ती स्वतः काढते, ग्लास पुढे धरून, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. मिनिटभरात सासूबाईंचा प्रश्न येतो, "गोड असते का गं?"

ती लिहिते, "थोडी गोड, थोडी आंबट. पुढच्या वेळी तुम्हीही चला."