गंजिफा, दशावतार आणि स्पर्धेचा पत्ता : खेळाच्या संहितेचा तौलनिक विचार

खेळाचा पत्ता एकाच वेळी चित्र असतो, चिन्ह असतो आणि खेळीही असतो. चित्र म्हणून तो पाहता येतो, संग्रही ठेवता येतो. चिन्ह म्हणून तो त्याच संचातील इतर पत्त्यांच्या संदर्भात वाचावा लागतो. खेळी म्हणून मात्र तो प्रतिस्पर्ध्यासमोर, ठरलेल्या नियमांच्या चौकटीत, एका विशिष्ट क्षणी टाकला जाईपर्यंत अस्तित्वातच येत नाही. या तीन अंगांपैकी कोणते अंग टिकले आणि कोणते लोपले, या प्रश्नाच्या अनुरोधाने पत्त्यांच्या दोन परंपरांची तुलना करता येते. त्यांपैकी एक सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची, तर दुसरी १९९३ नंतर जगभर पसरलेल्या संग्राह्य पत्त्यांच्या स्पर्धांची आहे. काळ, भूगोल आणि अर्थव्यवहार या तिन्ही दृष्टींनी या परंपरा एकमेकींपासून फार दूर आहेत. तरीही खेळाची ‘संहिता’ कोठे वसते, या एकाच प्रश्नाला त्या परस्परविरुद्ध उत्तरे देतात आणि म्हणूनच त्यांची तुलना उपयुक्त ठरते.

भारतातील गंजिफाचा परिचित आरंभीचा उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत येतो. सिंधच्या शाह हसनाने मागितलेले गंजिफाचे पत्ते बाबराने त्याच्याकडे धाडले, अशी ती नोंद आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा याप्रमाणे १४४ पत्त्यांच्या संचाचे वर्णन आहे. त्यात अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशा राजांची मालिका असून अकबराने या संचात केलेले फेरफारही नोंदविले आहेत. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफात आठ रंग आणि ९६ पत्ते असतात. ताज, शमशेर, गुलाम, बरात, किमाश ही त्यांतील काही रंगांची नावे पाहिली, तर राजमुकुट, तलवार, सेवक, दस्तऐवज आणि मालमत्ता अशी दरबाराची आणि कारभाराची व्यवस्थाच पत्त्यांवर उतरलेली दिसते. दशावतारी गंजिफाने हा सांगाडा स्वीकारला आणि त्यातील अर्थ बदलला. कारभारातील खात्यांच्या जागी मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे दहा अवतार आले. प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांचे पत्ते मिळून १२० पत्त्यांचा संच सिद्ध झाला. एका संस्कृतीची रचना दुसऱ्या संस्कृतीच्या आशयासाठी वापरली जाण्याचे, म्हणजेच साहित्याभ्यासकाला परिचित असलेल्या रूपांतराचे, हे उत्तम उदाहरण होय.

या संचाचे नियम संख्येने थोडे असले तरी त्यांची मागणी मोठी आहे. तिघे खेळत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० पत्ते येतात. दिवसा खेळ मांडला असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने उतारी करावयाची आणि रात्री मांडला असेल तर कृष्णाचा राजा असणाऱ्याने, असा संकेत आहे. निम्म्या रंगांत राजा व प्रधानानंतर दहा हा अंक श्रेष्ठ असतो, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक हा अंक श्रेष्ठ असून दहा सर्वांत कनिष्ठ ठरतो. अंकाचे मूल्य अंकात नसून तो ज्या रंगात येतो त्या रंगात असते. चिन्हाचा अर्थ व्यवस्थेतील त्याच्या स्थानावरून ठरतो, हे तत्त्व येथे सिद्धान्ताच्या रूपाने नव्हे, तर हात जिंकण्या-गमावण्याच्या रोकड्या व्यवहारातून शिकविले जाते.

या खेळाचे डावपेच प्रामुख्याने स्मरणशक्तीवर उभे आहेत. बावनपत्तीतल्या अनेक खेळांप्रमाणे येथे सर्व रंगांवर मात करणारा एखादा वरचढ रंग नसतो. एखाद्या रंगातील वरचे सर्व पत्ते पडून गेले की उरलेल्यांपैकी जो श्रेष्ठ, तो ‘हुकूम’ ठरतो. म्हणजे गंजिफाच्या परिभाषेत हुकूम ही पत्त्याची जन्मजात पदवी नाही. डाव जसजसा पुढे सरकतो तसतशी ती एका पत्त्याकडून दुसऱ्याकडे जाते. आपल्या हातातला हुकूम ओळखण्यासाठी दहाही रंगांत काय काय पडले हे ध्यानात ठेवावे लागते. आजच्या मराठीत ‘हुकूम’ म्हणजे इतर रंगांना मारणारा ठरावीक रंग. शब्द टिकला, पण त्यामागची स्मरणाची कसोटी निघून गेली. इस्पिक, किलवर यांसारखी युरोपीय वळणाची नावे ज्या बावनपत्तीबरोबर मराठीत रुळली, तिच्या प्रभावाखाली हा अर्थपालट पक्का झाला असावा. पत्त्यांच्या खेळातील स्मरणाला भारतीय न्यायव्यवस्थेनेही महत्त्व दिले आहे. रमी हा केवळ नशिबाचा खेळ नसून तो प्रामुख्याने कौशल्याचा आहे, असा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली पडलेले पत्ते लक्षात ठेवण्याच्या गरजेचाच आधार घेतला होता. हीच कसोटी लावली तर गंजिफाचे स्थान रमीच्याही वर ठरेल.

सावंतवाडीला ही कला तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत (१७५५–१८०३) आली. धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी दरबारात आलेल्या तेलंगणातील ब्राह्मणांनी हा खेळ आणला आणि स्थानिक चितारी कारागिरांनी तो घडविण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, गोल चकत्या कापून घोटावयाच्या, हाताने रंगवावयाच्या आणि लाखेचा लेप द्यावयाचा, असे हे काम असे. दरबारासाठीचा नाजूक ‘दरबारी कलम’ आणि सामान्यांसाठीचा ठसठशीत ‘बाजार कलम’ असे दोन स्तर अभ्यासकांनी सांगितले आहेत. ‘बाजार कलम’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. गंजिफा राजवाड्यापुरता मर्यादित नव्हता, त्याला खेळणारे गिऱ्हाईक होते, याची ती साक्ष आहे. छापील बावनपत्ती स्वस्तात मिळू लागल्यावर हे गिऱ्हाईक आटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जाणणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही विद्या मिळविली आणि १९७१ पासून राजवाड्यातच तिचे पुनरुज्जीवन केले. याच सुमारास मुंबईतील कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांच्या संग्रहामुळे आणि लेखनामुळे गंजिफा आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा विषय झाला. त्यांचा भारतीय पत्त्यांवरील ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला.

हे पुनरुज्जीवन मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु जे पुन्हा जिवंत झाले ते चित्र होते. संच विकत घेणारा तो भिंतीवर लावतो, भेट देतो, काचेच्या कपाटात ठेवतो. १२० पत्ते पिसून, वाटून रात्रभर डाव मांडणारे मंडळ मात्र त्याबरोबर परत आले नाही. याच तळकोकणात याच दहा अवतारांचे नाव घेऊन उभा असलेला दशावतारी नाट्यप्रकार या संदर्भात लक्षणीय ठरतो. त्याला पाठ करण्याची लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावर तेथल्या तेथे रचले जातात. समोरचा नट काय बोलेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक प्रवेशात सवाल-जबाबाची, म्हणजेच एका प्रकारच्या चढाओढीची शक्यता असते. गावोगावच्या जत्रांनी या प्रयोगाला तारीख, जागा आणि पारखी प्रेक्षक पुरविला. गंजिफाला अशी जत्रा लाभली नाही. एकाच पुराणकथेवर पोसलेल्या या दोन कलाप्रकारांपैकी जिची सामग्री नाशवंत, ती टिकली आणि जिची सामग्री लाखेने जपलेली, तिचा प्रयोग थांबला.

संग्राह्य पत्त्यांच्या खेळांचा इतिहास येथूनच तुलनेला घेता येतो. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ अमेरिकेत ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आला. त्यातील मूलभूत नवता अशी की, सर्वांसाठी एकच समाईक संच ही पत्त्यांच्या खेळाची जुनी अट त्याने मोडली. पत्ते बंद पाकिटांतून विकत मिळत, त्यांची देवघेव करावयाची आणि आपापला संच प्रत्येकाने स्वतः रचावयाचा. डावाचा मोठा भाग अशा रीतीने पहिला पत्ता टाकण्यापूर्वीच खेळला जाऊ लागला. याच धर्तीवर जपानमध्ये १९९६ साली पोकेमॉनचा आणि १९९९ साली यु-गि-ओचा खेळ आला.

या नव्या रचनेतला धोकाही लगेच दिसून आला. पत्ता दुर्मीळ झाला की त्याची किंमत वाढते आणि किंमत वाढली की तो खेळण्यापेक्षा जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते. आरंभीच्या नियमांनुसार प्रत्येक डावात एक पत्ता पणाला लावावयाचा असे. एका पत्त्याच्या कितीही प्रती संचात घालता येत. १९९४ च्या आरंभी स्पर्धांसाठी निषिद्ध आणि मर्यादित पत्त्यांची यादी निघाली आणि पणाशी निगडित पत्ते स्पर्धेतून बाद झाले. संच किमान ६० पत्त्यांचा असावा आणि मूलभूत पत्ते वगळता कोणत्याही पत्त्याच्या चारांहून अधिक प्रती नसाव्यात, ही शिस्त स्पर्धेने आणली. पहिली जागतिक स्पर्धा १९९४ मध्ये मिल्वॉकी येथे झाली. १९९५ च्या जानेवारीत केवळ अलीकडच्या मालिकांतील पत्तेच चालतील असा स्वतंत्र स्पर्धाप्रकार निघाला. जुन्या पत्त्यांच्या मालकीवर उभी राहिलेली सत्ता त्यामुळे खेळापुरती तरी मोडली आणि नवागताला प्रवेश मिळाला. नवे पत्ते विकत घेणे त्यामुळे भाग पडले आणि उत्पादकाचा व्यापारही चालू राहिला, हे नजरेआड करून चालणार नाही. खेळाचे हित आणि विक्रेत्याचे हित येथे एकमेकांत गुंतलेले आहे.

दुसरा स्पर्धाप्रकार याहून मार्मिक आहे. आठ खेळाडू वर्तुळाकार बसतात, प्रत्येक जण एक बंद पाकीट उघडतो, त्यातला एक पत्ता घेऊन उरलेले शेजाऱ्याकडे सरकवतो. अशी तीन पाकिटे संपल्यावर हाती आलेल्या पत्त्यांतून ४० पत्त्यांचा संच रचून सामने खेळावयाचे. कोणाच्या घरी किती संग्रह आहे, याला येथे काहीच महत्त्व उरत नाही. शेजाऱ्याने आपल्याकडे काय सरकवले आणि म्हणून काय स्वतःकडे ठेवले असेल, हे अनुमान व स्मरण पुन्हा निर्णायक ठरते. गंजिफातला हुकूम ओळखणारी बुद्धी या वर्तुळात वेगळ्या वेषात परत येते. सामन्यांची जुळणी सामान्यतः स्विस पद्धतीने होते. १८९५ साली झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत प्रथम वापरल्या गेलेल्या या पद्धतीत पहिल्याच पराभवाने कोणी बाहेर जात नाही, तर सारख्या गुणांचे खेळाडू पुढच्या फेरीत एकमेकांसमोर येतात. ६४ खेळाडूंत बरोबरी झाली नाही तर सहा फेऱ्यांत एकच अपराजित उरतो; हरलेल्यालाही खेळण्यासाठी पुढची फेरी मिळत राहते.

दोन्ही परंपरांतील डावपेचांची दिशा मात्र भिन्न आहे. गंजिफाचे विश्व बंद आहे. १२० पत्ते सर्वांना ठाऊक असतात, अज्ञात असते ते फक्त वाटप. संग्राह्य पत्त्यांचे विश्व खुले आहे. प्रतिस्पर्ध्याने कोणता संच रचला असेल, याचा अंदाज स्पर्धेत पाऊल टाकण्यापूर्वीच करावा लागतो आणि सर्वांनी तोच अंदाज केला तर तो फसतो. पहिल्या प्रकारात खेळाडू परंपरेने दिलेल्या संहितेचा वाचक असतो, तर दुसऱ्यात तो संपादकही होतो. कोणते पत्ते स्पर्धेत ग्राह्य आणि कोणते त्याज्य, याची यादी ही वाङ्मयीन अभिजात ग्रंथांच्या यादीसारखीच सत्तेची आणि मूल्यनिर्णयाची कृती आहे. फरक इतकाच की, पत्त्यांची यादी उघडपणे प्रसिद्ध होते आणि ठरावीक काळाने तिचे पुनर्विलोकन होते.

ओडिशात गंजपा या नावाने हाच खेळ खेळणारी वयस्क मंडळी काही गावांत टिकून राहिली. तेथे नवव्या रंगावर जगन्नाथ विराजमान असतो. चित्रपरंपरा आणि खेळ यांची फारकत अटळ नव्हती, एवढे या उदाहरणावरून सिद्ध होते. सावंतवाडीच्या संदर्भात म्हणून कर्तव्य स्पष्ट आहे. पत्त्यांची चित्रे पुरेशी जपली गेली आहेत. आता उतारीचे संकेत, रंगांचे चढते-उतरते क्रम, डावातली बोली आणि हिशेबाच्या रीती यांची नोंद व्हावयास हवी. तीही केवळ ग्रंथासाठी नव्हे, तर वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी डाव मांडता यावा यासाठी. गंजिफाच्या संहितेचा एक भाग पत्त्यावर रंगविलेला आहे आणि दुसरा तो टाकणाऱ्याच्या स्मरणात. दुसरा भाग नष्ट झाला तर पहिला सुंदर राहील, पण वाचता येणार नाही.