८५ गुण झाले की घरी

ऑनसाईटहून परतायच्या आधीचे शेवटचे पंधरा दिवस आठवा. बॅगा भरलेल्या, काम संपलेलं आणि तिकिटाचा पत्ता नाही. आता त्या जागी लाखो सैनिक कल्पा.

८ मे १९४५ ला युरोपातलं युद्ध संपलं. तिथे अमेरिकेचे तीस लाखांच्या आसपास सैनिक होते आणि जहाजं मोजकी. आधी कोण जाणार? सैन्याने चक्क फॉर्म्युला काढला. नोकरीच्या दर महिन्याला १ गुण, परदेशातल्या दर महिन्याला आणखी १, पदकाला किंवा मोहिमेच्या ताऱ्याला ५ आणि १८ वर्षांखालच्या मुलामागे १२, तेही तीन मुलांपर्यंतच. बेरीज ८५ झाली की चला घरी. लग्नाचे गुण शून्य!

गणित करून बघा. अडीच वर्षं नोकरी, त्यातली दीड वर्षं परदेशात, दोन तारे: झाले ५८. याच्या शेजारच्या खाटेवर हुबेहूब तसाच दुसरा, पण तीन मुलांचा बाप: ९४. बाप घरी आणि हा कदाचित जपानशी लढायला.

सुटलेल्यांचा मुक्काम फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ल हाव्र बंदराभोवतीच्या छावण्यांत. त्यांना नावं सिगारेटच्या ब्रँडची: लकी स्ट्राइक, फिलिप मॉरिस, ओल्ड गोल्ड. एकट्या लकी स्ट्राइकमध्ये पन्नास हजारांवर माणसं मावत. जुन्या विमानतळावर तंबूंचं शहरच ते. जेवणाची रांग, सिनेमा, पत्ते, पुन्हा रांग, आणि यादीत नाव लागलं का ते बघणं. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या हडकुळ्यांना तिथे अंडं घातलेलं दूध पाजत. लढाईपेक्षा हे सोपं, मान्य. पण रिकामा माणूस फार हिशेब करतो.

जपान शरण आल्यावर गुणांची अट उतरत गेली खरी, पण २ सप्टेंबर १९४५ नंतर नवे गुण मिळणंही बंद झालं. जानेवारी १९४६ मध्ये परतीचा वेग कमी करणार अशी घोषणा झाली आणि मनिलात हजारो अमेरिकन सैनिक रस्त्यावर उतरले. त्याच महिन्यात कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलातल्या गोऱ्यांनीच संप केला. ब्रिटिशांची पद्धत वेगळी होती, वय आणि नोकरी मिळून गट. तक्रार तीच: आमचा नंबर कधी? बघता बघता हे लोण हिंदुस्थानातल्या इतर तळांवर आणि सिंगापूरपर्यंत गेलं.

पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार'वरचे आपले नौसैनिक उठले. आपण तो स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून शिकतो आणि ते बरोबरच आहे. निकृष्ट जेवण, अधिकाऱ्यांची शिवीगाळ, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, हे सगळं त्यात होतं. शाळेत न सांगितलेली एक मागणीही त्याच यादीत होती: वय आणि नोकरीच्या गटांप्रमाणे आम्हाला लवकर मोकळं करा, आणि मोकळं केल्यावर काम द्या.