कॉलबॉयच्या पायांनी आखलेली वस्ती

पंधरा बंगला, आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ, लिंपस क्लब. भुसावळच्या रेल्वे मोहल्ल्यांची ही नावं नवख्याला गमतीची वाटतात. मला मात्र त्यांच्या जागेचं जास्त नवल वाटतं. एवढी मोकळी काळी जमीन आसपास पसरलेली असताना रेल्वे कंपनीने माणसं इंजिन शेड आणि यार्डाच्या कुशीतच का बसवली? दिवसरात्र धूर, शिट्ट्या, शंटिंगचे धक्के. याचं एक मोठं कारण असं, की रात्री अडीचला ड्रायव्हरला उठवायला माणूस चालत जायचा, आणि त्याच्या पायांना मर्यादा होती.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची लाइन खानदेशात आली ती १८६० नंतर. थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली, १८७० मध्ये जबलपूरची बाजू जोडली गेली, आणि दोन लाइनींच्या बेचक्यात भुसावळ सापडलं. वाफेचं इंजिन एका दमात मुलूख पार करत नाही. राख काढावी लागते, कोळसा-पाणी भरावं लागतं, तेल घालावं लागतं. इंजिन बदललं की ड्रायव्हर-फायरमनही बदलायचे. म्हणजे जिथे शेड, तिथे हाताशी माणसं हवीतच.

मेल-एक्स्प्रेसवाल्यांची ड्यूटी लिंकमध्ये, म्हणजे आधीच ठरलेल्या पाळ्यांमध्ये, बांधलेली असे. खरी पंचाईत मालगाडीची. ती केव्हा भरेल, केव्हा लाइन मिळेल, कोण सांगणार? घरोघरी फोन नव्हते. विलायतेतल्या गिरण्यांच्या गावांत पैसे घेऊन पहाटे खिडक्या ठोठावणारे लोक असत. तिथल्या लोको शेडनीही आपली उठवणारी माणसं ठेवली होती. रेल्वेसोबत ही रीत इकडे आली आणि तिच्यातून कॉलबॉय आला. पन्नाशी उलटली तरी तो कॉलबॉयच.

त्याच्या एका हातात कंदील, बगलेत कॉल बुक. वहीत नाव, गाडी, हजर व्हायची वेळ. साधारण दोन तास आधी तो दारात उभा राहायचा. ‘‘साब, कॉल है.’’ रेल्वे वस्तीची भाषा हिंदीच. तमिळ, अँग्लो-इंडियन, लेवा पाटील, सगळ्यांना चालणारी. आतून दिवा लागायचा, ड्रायव्हर झोपेत सही ठोकायचा, बायको स्टोव्ह पेटवून डबा करायला लागायची. सही घेतल्याशिवाय कॉलबॉय हलायचा नाही, कारण गाडीला उशीर झाला तर दोष कोणाचा हे ती सहीच ठरवायची. कोणाचं कुत्रं चावरं, कोणाची झोप गाढ, कोण पगाराच्या रात्री कुठे सापडतो, हे त्याला साहेबापेक्षा जास्त ठाऊक.

त्यामुळे रनिंग स्टाफने, म्हणजे गाडीवर चालणाऱ्या माणसांनी, हाकेच्या टप्प्यात राहावं, हा दंडकच झाला. वस्तीचे रिवाजही त्यातूनच घडले. ड्रायव्हर दुपारी झोपलेला असला की गल्लीतली पोरं क्रिकेट दुसरीकडे नेत. ड्यूटी आठ तासांच्या आत संपली तर घरी १२ तास विश्रांती, आठ किंवा जास्त झाली तर १६ तास. हा हिशेब बायकांना तोंडपाठ असे. विश्रांती संपत आली की पाहुण्यांशी बोलतानाही कान दाराकडे. सण, लग्न, बारसं, सगळ्याला ‘‘कॉल नाही आला तर येतो’’ अशी पुरवणी. आणि जायचंच नसेल तर? दारातून बाईचा आवाज, ‘‘ते घरी नाहीत, बाजारात गेलेत.’’ कॉलबॉयला आतली खाट दिसत असायची. कधी तो ‘घरी नाही’ लिहून पुढे जायचा, कधी खाटेलाच हाक मारायचा. ते त्या दोघांच्या संबंधांवर.

या व्यवस्थेची दुसरी बाजू मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात उघडी पडली. घर शेडजवळ आणि घर रेल्वेचंच, म्हणजे हाक मारायला सोपं तसं धाकात ठेवायलाही. देशात ठिकठिकाणी संपकरी कॉल चुकवायला भूमिगत झाले, तेव्हा क्वार्टरमधून बायका-मुलांना बाहेर काढण्यात आलं. कामगाराच्या सोयीचं म्हणून जे घर सांगितलं जायचं, ते मुळात कोणाच्या सोयीचं होतं हे त्या वीस दिवसांत कळलं.

पुढे वाफेची इंजिनं गेली, डिझेल-विजेची आली, तरी कॉल बुक चालू राहिलं. त्याची गरज संपवली ती मोबाइलने. आता कॉल फोनवर आणि एसएमएसवर येतो, लॉबीत, म्हणजे ड्यूटीवर हजर व्हायच्या कचेरीत, संगणकावर हजेरी लागते, दारू प्यायली नाही ना हे नळीत फुंकून दाखवावं लागतं. हाकेचा टप्पा उरला नाही, तशी मंडळी शहराबाहेर प्लॉट घेऊन बंगले बांधू लागली. जुन्या चाळी ओस पडत आहेत, काही पाडल्याही गेल्या. ‘बाजारात गेलेत’ या सबबीची जागा ‘रेंज नव्हती’ने घेतली आहे, पण लॉबीतला माणूस तीही फारशी मानत नाही, त्याच्या पडद्यावर कॉल किती वाजता लागला हे दिसत असतं.