नागपुरातील रुग्णसेवा : दया, वेतन आणि हक्क

रुग्णालयांची खाजगी व सार्वजनिक अशी दोन वर्गांत वाटणी करून त्यांच्या गुणदोषांची तुलना करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. या वाटणीचा निकष एकच. तो म्हणजे संस्थेचा मालक कोण? नागपूरच्या इतिहासाला हा निकष लावू गेल्यास तो फार लवकर अपुरा पडतो. येथे सरकारी रुग्णालयास सावकाराचे नाव आहे, लोकाश्रयाने चाललेल्या संस्थेने सरकारचे काम केले आहे, आणि अलीकडे सरकारचा पैसा खाजगी रुग्णालयांतून खर्च होत आहे. मालकीपेक्षा निराळा प्रश्न विचारणे म्हणूनच अधिक फलदायी ठरेल : रुग्ण उपचार मागतो तो कोणत्या नात्याने? आश्रित म्हणून, कामगार म्हणून, गिऱ्हाईक म्हणून, की नागरिक म्हणून?

ब्रिटिश अमदानीत सरकारी वैद्यक हे प्रथमतः फौज, अधिकारी, पोलीस व कैदी यांच्यासाठी होते. सर्वसामान्य रयतेसाठी जे दवाखाने निघाले, ते बहुधा नगरपालिकेची मदत व धनिकांच्या देणग्या यांवर चालत. नागपूरचे मेयो रुग्णालय एकोणिसाव्या शतकातले. एका व्हाइसरॉयचे नाव त्यास मिळाले, व १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल त्यास जोडले गेले. तेथे गरिबास औषध मिळे हे खरे. पण ते मागण्याचा अधिकार त्यास होता असे म्हणता येत नाही. स्कॉटिश मिशनने १८९६ साली स्त्रियांसाठी म्यूर मेमोरियल रुग्णालय काढले, ते धर्मकार्य म्हणून. डागा स्मृती स्त्री रुग्णालय आज शासनाचे असले तरी नाव वागविते ते कामठीच्या पेढीवाल्या डागा घराण्याचे. राजा, मिशन व सावकार असे तीन भिन्न दाते येथे दिसतात. परंतु घेणारा तिन्ही ठिकाणी एकाच पायरीवर उभा आहे.

या परंपरेत मातृसेवा संघाचे स्थान वेगळे आहे. तरुणपणी वैधव्य आलेल्या आणि परिचारिका-सुईणीचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने १९२१ साली नागपुरात चार खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. पुढे त्याच्या शाखा अनेक ठिकाणी निघाल्या, आणि १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. मालकीच्या निकषाने ही संस्था खाजगी ठरते. परंतु नफ्यासाठी चालणाऱ्या शुश्रूषागृहाशी तिची गणना करणे म्हणजे शब्दाच्या आहारी जाणे होय. येथे प्रथमच सेवा देणारी व घेणारी या दोघींतील अंतर कमी झाले, असे माझे मत आहे. घराबाहेर बाळंत होणे ज्या काळी बहुतेकांस अप्रशस्त वाटे, त्या काळी शहरातील बायकांचा विश्वास संपादन करणे हे केवळ इमारती बांधून साधण्यासारखे नव्हते. तथापि अशा संस्थेची मर्यादाही उघड आहे. तिचा आवाका वर्गणीदारांच्या उदारतेइतकाच, आणि जेथे कमलाताई नव्हत्या तेथे प्रसूतिगृहही नव्हते.

दुसरे नाते वेतनाचे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या गिरणीने १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी व १८९५ साली अपघाताच्या भरपाईची योजना काढली. दोन्ही गोष्टी कायद्याने सक्ती होण्याच्या पुष्कळ आधीच्या. तरीही ही मालकाची सद्बुद्धी होती. तिचे रूपांतर कायदेशीर हक्कात झाले ते प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून निघालेल्या, १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने. ही योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ साली नागपुरात लागू झाली. आता गिरणी कामगार औषध मागे तो पगारातून वर्गणी कापली गेली आहे म्हणून. त्यास कोणाचे उपकार मानण्याचे कारण उरले नाही. मात्र प्रारंभी वैद्यकीय उपचार विमेदार कामगारापुरताच होता, कुटुंबीयांचा समावेश मागाहून झाला. म्हणजे एकाच घरातील नवरा हक्काने दवाखान्यात जाई, आणि गिरणीत नोकरी नसलेली त्याची बायको धर्मादाय खाटेची वाट पाही. विणकर, विडी वळणाऱ्या बाया, हमाल हे तर या व्यवस्थेच्या बाहेरच होते. वेतनावर उभारलेला हक्क वेतनाबरोबरच जातो, हेही पुढे नागपूरचा कापडधंदा मोडकळीस आला तेव्हा दिसून आले.

तिसरे नाते नागरिकत्वाचे. त्याचा पाया १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आहे. (समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा, हे आपल्याकडे फारसे कोणास आठवत नाही.) पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारास मुकू नये, हे समितीचे पहिले तत्त्व. त्यासाठी तिने विम्याचा मार्ग न धरता करांच्या उत्पन्नातून चालणारी सेवा सुचविली, आणि पूर्णवेळ पगारी डॉक्टरांस खाजगी व्यवसायाची मनाई असावी असे म्हटले. इंग्लंडात ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा याच विचाराची. तिकडे सरकारने बहुतेक रुग्णालये एका दिवसात ताब्यात घेतली. आपल्याकडे सरकारी रुग्णालये वाढत गेली, पण त्यांच्या शेजारी खाजगी व्यवसाय त्याहून वेगाने वाढला. नागपुरास १९४७ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. पूर्वेकडील नंदनवनासारख्या वस्त्यांत या इतिहासाची परिणती रोजच्या बोलण्यात ऐकू येते. तापखोकल्यास कोपऱ्यावरचा खाजगी दवाखाना, आणि दुखणे मोठे झाले की ‘मेडिकल’ला न्या! रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईक आणि शासनाच्या दारचा रुग्ण हे दोन निरनिराळे वर्ग नव्हेत. ते एकाच कुटुंबाचे दोन प्रसंग होत. तुलनात्मक कोष्टके मांडणाऱ्यांच्या हातून हे बहुधा निसटते.

गेल्या काही दशकांत या नात्यांची सरमिसळ झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांस विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीने देणे बंधनकारक झाले. दाता पूर्वी स्वेच्छेने जे देत होता, ते करसवलतीच्या मोबदल्यात देणे लागू लागला. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ साली राज्यभर गेलेली, व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणारी जनआरोग्य योजना याहून पुढे गेली. तिच्यात खर्च शासनाचा, खाट पुष्कळदा खाजगी. अनेक कुटुंबांस तिचा आधार झाला हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु येथे हक्क जडलेला आहे तो माणसास नव्हे, तर यादीतील उपचारास. ज्याचा आजार यादीत नाही, तो पुन्हा गिऱ्हाईक होतो. आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा नित्याचा खर्च तर या हिशेबात येतच नाही.

मालकीचा निकष किती दुबळा आहे याचा सर्वांत बोलका पुरावा ऑगस्ट २०२३ चा. त्या महिन्याच्या १५ तारखेपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. डागा रुग्णालय त्या विभागाकडे असल्याने तेथील केसपेपरचा खर्चही उरला नाही. मेयो व ‘मेडिकल’ ही रुग्णालयेही शासनाचीच. परंतु ती वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिली. एकाच शहरात, एकाच मालकाच्या दोन दारांशी, एकाच रुग्णाचे नाते निराळे ठरले.