त्र्यंबकेश्वरला कार्यासाठी जाताय? मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी करायची तयारी

त्र्यंबकेश्वरला लोक केवळ दर्शनाला जात नाहीत, कार्याला जातात. नारायण नागबळीसारखा तीन दिवसांचा विधी असतो, त्रिपिंडी श्राद्ध असते, कधी जवळच्या रिसॉर्टवर नात्यातले लग्न असते. अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे हटकून बरोबर असतात. सहलीला जाताना तब्येत बरी नसेल तर आपण बेत पुढे ढकलतो; कार्याची तिथी मात्र ठरलेली असते, त्यामुळे ‘कसेही करून जाऊच’ असे होते. त्यातून पुढे येणारे बहुतेक त्रास टाळता येतात. त्यासाठी निघण्याच्या किमान आठवडाभर आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि तिथे तुमचा दिवस कसा जाणार आहे हे त्यांना नीट सांगा: पहाटे स्नान, मग काही तास मांडी घालून बसणे, पूजा होईपर्यंत उपाशी राहणे. नुसते ‘गावाला जातोय’ असे सांगितले तर गोळ्यांच्या वेळा बदलायला हव्यात हे डॉक्टरांना कळणार कसे?

उपाशीपोटी पूजा आणि मधुमेह

सर्वांत जास्त काळजी इथे घ्यावी लागते. पूजा संपून जेवण व्हायला दुपार उलटू शकते आणि सकाळची गोळी किंवा इन्सुलिन मात्र सवयीने घेतले जाते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या आणि इन्सुलिन, विशेषतः मिश्र इन्सुलिन, घेऊन उपाशी राहिलात तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. या गोळ्या जेवणाशी बांधलेल्या असतात. जेवण पुढे गेले की सहसा गोळीही पुढे न्यावी लागते; किती वाजता आणि किती मात्रेत, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना साखर उतरण्याची भीती बरीच कमी असते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांबद्दल वेगळे विचारा. उपास आणि कमी पाणी यांच्या जोडीला या गोळ्या असल्या तर शरीरात कीटोन नावाची आम्ले साठू शकतात. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसतात आणि ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली नसते, म्हणून घरचे फसतात. बरेच डॉक्टर उपासाच्या दिवसांत या गोळ्या थांबवायला सांगतात. टाइप 1 मधुमेहात मात्र इन्सुलिन पूर्ण बंद करणे कधीही चालत नाही.

दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. साखर 70 च्या खाली असेल, किंवा यंत्र जवळ नसेल पण लक्षणे असतील, तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, फरक नसेल तर पुन्हा द्या आणि बरे वाटल्यावर काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. पूजेला बसलेल्या माणसाला उठून सांगायला संकोच वाटतो, म्हणून साखरेची पुडी शेजारी बसणाऱ्याच्या खिशात असू द्या. गुरुजींना आदल्या दिवशीच कल्पना दिली तर ते मधे थांबू देतात असा बहुतेकांचा अनुभव असतो.

लघवीची गोळी चुकवू नका

रक्तदाब किंवा हृदयविकाराचे अनेक रुग्ण, खास करून बायका, प्रवासात लघवीची गोळी मुद्दाम घेत नाहीत. कारण उघड आहे, वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळणार? त्याच कारणाने पाणीही प्यायचे टाळतात. पण हृदय अशक्त असलेल्या माणसाने तीन दिवस ही गोळी चुकवली आणि वर पापड, लोणचे, फरसाण खाल्ले, तर अंगात पाणी साठते, पायांवर सूज येते आणि रात्री आडवे झाले की धाप लागते. गोळीची वेळ बदलता येते. मुक्कामी पोहोचल्यावर दुपारी घेतली तरी चालते का, हे डॉक्टरांना विचारा. पण ती बंद करू नका. नाशिक रोड स्टेशनपासून त्र्यंबकला पोहोचायला गर्दीच्या दिवशी दीड तासाहून जास्त लागू शकतो, हे वेळ ठरवताना धरा.

कुशावर्तातले स्नान

पहाटेच्या गार पाण्यात एकदम उतरले की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब झटकन वाढतो. ज्यांना गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका आला आहे, थोडे चालल्यावरही छातीत दुखते किंवा ज्यांचा रक्तदाब अजून आटोक्यात नाही, त्यांनी कुंडात उतरू नये. अंगावर पाणी शिंपडून विधी करता येईल का, हे गुरुजींना आधीच विचारून ठेवा. बाकीच्यांनी आधी हातपाय ओले करावेत, मग हळूहळू पाण्यात जावे आणि बाहेर आल्यावर ओल्या कपड्यांत बसून राहू नये. ओल्या दगडी पायऱ्यांवरून पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे हा म्हाताऱ्या माणसांसाठी थंडीपेक्षाही मोठा धोका आहे. एकाने हात धरूनच खाली न्यावे.

तीर्थ म्हणून हे पाणी पिऊ नका, डोळ्यांना लावून पुरे करा. दिवसभरात असंख्य माणसे त्यात स्नान करतात आणि त्यातून जुलाब, टायफॉइड, कावीळ होऊ शकते. पिण्यासाठी उकळलेले किंवा सीलबंद पाणीच वापरा. पायाला जखम किंवा भेग असेल तर पाण्यात आणि चिखलात जाण्याआधी ती झाका. मधुमेहींनी दर्शनाच्या रांगेत अनवाणी उभे राहण्याऐवजी मोजे घालावेत आणि रात्री तळपाय पाहावेत. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या

विधीत अडचण नको म्हणून या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेतल्या जातात. घ्यायचीच असेल तर नॉरएथिस्टेरॉन ही गोळी साधारणपणे पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. आदल्या दिवशी घेऊन उपयोगाची खात्री नसते. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या, यकृताचा आजार असलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांनी ती घेऊ नये. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमक येत असेल तरी आधी डॉक्टरांना सांगा. विदर्भातून किंवा कोकणातून दहा-बारा तास बसून येणार असाल तर दर दोन तासांनी उतरून चाला. गोळी चालू असताना हे अधिकच गरजेचे आहे. पाळी आली म्हणून घरातल्या मुलीला जबरदस्तीने गोळ्या देऊ नका, एवढे डॉक्टर म्हणून मी जरूर सांगेन.

गुडघे, ब्रह्मगिरी आणि माकडे

गुडघा बदललेल्यांनी मांडी घालण्याचा आग्रह सोडावा आणि चौरंग किंवा खुर्ची मागावी. ब्रह्मगिरीच्या शेकडो पायऱ्या हे ‘जाता जाता’ उरकण्याचे काम नाही. रोज दोन मजले चढताना दम लागत असेल तर खालूनच नमस्कार करा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी साधारण 20 किलोमीटरची, तीही पावसात आणि चिखलात. महिनाभर आधीपासून चालण्याची सवय नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते.

वाटेवर माकडे पिशव्या ओढतात. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा. हळद, चुना किंवा मिरची लावू नका आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळे इंजेक्शनही लागते. पहिला डोस त्र्यंबकला घेतला तर पुढचे गावी पूर्ण करता येतात. कागद मात्र जपून ठेवा.

सोबत काय ठेवाल

सर्व गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, गाडीच्या डिकीत नको. डॉक्टरांची चिठ्ठी, जुना ईसीजी, ओआरएसची पाकिटे, ग्लुकोमीटर बरोबर असू द्या. इन्सुलिन कधीही बर्फाला चिकटवून ठेवू नका, ते गोठले की निरुपयोगी होते. डायलिसिसचे रुग्ण असतील तर तीन दिवसांचा मुक्काम त्यांच्या वाराच्या मधे बसतो का ते आधी पाहा. नसेल तर नाशिकमधल्या केंद्रात जागा ठरवूनच निघा. गावात सरकारी रुग्णालय आहे, पण हृदयविकाराचे मोठे उपचार नाशिकला, म्हणजे सुमारे 30 किलोमीटरवर. म्हणून छातीत जड वाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हात लुळा पडणे यांपैकी काहीही झाले तर ‘पूजा संपू दे’ म्हणून थांबू नका. 108 ला तेवढ्याच तातडीने फोन करा.

परतल्यानंतर महिनाभरात थंडी वाजून ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा लघवी कमी होणे असे झाले तर ‘प्रवासाचा शीण’ समजू नका. लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्र्यंबकला जाऊन आलो, कुंडात किंवा चिखलात उतरलो होतो, हे आपणहून सांगा.